जुनी डिझेल फोर बाय फोर – इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून ऑईल गळतंय, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

लो_रेंज

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर आहे, चार सिलिंडर टर्बो, पूर्ण मेकॅनिकल पंपवालं इंजिन, पुढे मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल. स्टार्टिंग एकदम चांगलं, ओढतेही मस्त, धूर नाही म्हणावा इतका कमी. पण गेले काही महिने इंजिन ऑईलची गळती वाढत चाललीये. रात्री उभी केली की सकाळी खाली तळहाताएवढा डाग पडलेला असतो आणि तो बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या खाली. आडवं होऊन टॉर्च मारली तर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीचं कवच) खालच्या भोकाला थेंब लोंबतोय, चेंबरची (इंजिनखालची ऑईलची टाकी) मागची बाजू ओली, स्टार्टर पण तेलकट, वर धूळ चिखल बसून सगळं काळंकुट्ट झालंय त्यामुळे नक्की कुठून सुरू होतंय तेच कळत नाही. लांबचा चढ चढून आलं की गळती जास्त, शहरात हळू फिरवली की कमी.

गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी खालून बघितलं आणि सांगितलं की रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑईल सील) गेलंय, ट्रान्सफर केससकट (पुढच्या मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्स खाली घ्यायचा, क्लच पण नवीन टाकून घ्या. तसं असेल तर करू, पण एवढं मोठं काम अंदाजावर करायचं नाहीये. सील खरंच गेलंय की दुसरं काही हे घरच्या घरी कसं ठरवायचं? आणि ते गळती थांबवणारं औषध मिळतं बाटलीत, ते टाकून बघावं का? हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेळ काढता येईल, कुणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

तेरा_चौदाचा_पाना

गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी थांबा. ऑईल जिथे टपकतं तिथेच गळत असेल असं नसतं. ते वरून कुठूनतरी निघतं, हेडवरून ब्लॉकवरून ओघळत खाली येतं, गाडी पळत असताना पंख्याची आणि समोरची हवा त्याला मागे मागे ढकलते आणि शेवटी सगळं जमा होतं मागच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे बेल हाउसिंगच्या तोंडाशी. त्यामुळे खालून बघणाऱ्याला प्रत्येक गळती रिअर मेन सीलचीच वाटते. नियम साधा आहे, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, तिच्या खालचं आणि मागचं सगळं त्या एका गळतीमुळेही ओलं झालेलं असू शकतं.

आधी एक खात्री करा की हे इंजिन ऑईलच आहे. खाली पांढरा पुठ्ठा ठेवा रात्रभर. डिझेल इंजिनचं वापरलेलं ऑईल काजळीने काळं असतं. गिअर ऑईल मधासारखं पिवळसर तपकिरी, जाड, आणि गंधकाचा उग्र वास येतो त्याला, तो एकदा घेतला की विसरत नाही. काही गिअरबॉक्समध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल) असतं. बेल हाउसिंगच्या भोकातून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी तेल येतंच, तेव्हा रंग आणि वास दोन्ही बघा. डिझेल असेल तर पातळ, लगेच पसरतं, वास लपत नाही.

मग धुवायचं. आणि हे काम मनापासून करा, कारण घाणेरड्या इंजिनवर गळती शोधणं अशक्य आहे. इंजिन थंड असताना डिग्रीझर नाहीतर डिझेल आणि ब्रश, हेडपासून चेंबरपर्यंत सगळा थर काढा, बेल हाउसिंगच्या बाहेरच्या बाजूला जमलेला चिखल खरवडून काढा. अल्टरनेटर, एअर इनटेक पिशवीने बांधून घ्या. गरम इंजेक्शन पंपावर गार पाण्याचा फवारा मारू नका, आतले भाग फार बारीक क्लिअरन्सचे असतात, जाम होऊ शकतात. सगळं वाळवा, सांध्यांवर ब्रेक क्लीनर मारून पुसा.

धुतल्यावर लगेच लांब पळवायची नाही. आधी उभ्या उभ्या आयडलला गरम होऊ द्या आणि टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघत बसा. मग थोडी फिरवून आणा, परत बघा. मग चढावर न्या. टप्प्याटप्प्याने बघितलं तरच सुरुवात सापडते, नाहीतर परत सगळं पसरलेलं दिसतं. संशय असेल त्या जागेवर पायाला लावायची पावडर फुंकून ठेवा, पहिला पाझर पांढऱ्यावर लगेच काळा उमटतो. तरी नाही सापडलं तर ऑईलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, गळणारी रेघ पिवळी हिरवी चमकते.

बघायच्या जागा सांगतो, मागच्या बाजूच्या आधी. टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) मागचा कोपरा, इथे हात जात नाही म्हणून कुणी बघत नाही आणि चढावर तेल मागेच साचतं, तुमचं लक्षण याच्याशी जुळतंय. ओव्हरहेड कॅम असेल तर हेडच्या मागच्या टोकाला अर्धगोल रबर बसवलेलं असतं किंवा गोल प्लग असतो, ते रबर कडक होऊन आकसतं. ऑईल प्रेशर स्विच, याचा वायरचा कनेक्टर काढून आत बोट लावून बघा, आत तेल असेल तर स्विच गेलाच. इथे तेल प्रेशरमध्ये असतं त्यामुळे केसाएवढी फट असली तरी भरपूर तेल फेकतं. ऑईल फिल्टरचं हाउसिंग आणि ऑईल कूलरचं पॅकिंग. टर्बोचा ऑईल रिटर्न पाईप, त्यात प्रेशर नसतं, तेल नुसतं उताराने खाली येतं, पण जवळच्या उष्णतेने रबर होज कडक होऊन तडे जातात. डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग. आणि अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असेल तर त्याचे ऑईल पाईप.

एक गोष्ट मात्र आजच बघा, टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल पडतंय का. पडत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ते आधी थांबवा, आग लागते त्याने.

क्रँककेस

वरचा प्रतिसाद एकदम बरोबर आहे, मी फक्त एक भर घालतो जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. सील का गळतंय हे बघितल्याशिवाय सील बदलू नका. ज्याला मेकॅनिक लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते बघा आधी. पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतोच, नवीन इंजिनमध्ये पण उतरतो, तो ब्रीदरमधून (इंजिनचा श्वास सोडायची नळी) बाहेर जायला पाहिजे. ब्रीदरची जाळी किंवा होज काजळी आणि चिकट तेलाने चोंदली की आत दाब वाढतो आणि तो जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. चढावर इंजिनवर लोड येतं, गॅस जास्त उतरतो, म्हणून गळती जास्त. तुम्ही तेच लिहिलंय.

तपासायला सोपं आहे. इंजिन गरम, आयडलला, ब्रीदर जोडलेला असू द्या. ऑईल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा घट्ट ओढून बसवा. मोजा ढिला राहिला किंवा जरा आत खेचला गेला तर ठीक. टम्म फुगला तर आत दाब आहे. मग ब्रीदरची होज इंजिनकडून सोडा, त्याने मोजा बसला तर होज किंवा ऑईल सेपरेटर चोंदलाय, रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, वाळवा, परत लावा, आतून सोललेली होज असेल तर बदलाच. आणि होज सोडल्यावर ब्रीदरमधून जोरात धाप टाकल्यासारखा धूर येत असेल तर मग रिंग-बोअर झिजल्याचा विषय, कॉम्प्रेशन टेस्ट करा. तशा इंजिनला नवीन सील टाकलं तरी ते फार दिवस कोरडं राहणार नाही.

अजून एक, हे फारसं कुणी बघत नाही. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जी हवा खेचतो ती तो क्रँककेसमध्येच सोडतो. ब्रेक बूस्टरची होज किंवा आतला डायफ्रॅम फाटलेला असेल तर पंप सतत बाहेरची हवा खेचून इंजिनमध्ये भरत राहतो आणि रिंग धडधाकट असून बॅक कॉम्प्रेशन दिसतं. पंपाची होज तोंडाशी थोडा वेळ बोटाने बंद करून मोजा परत बघा, लगेच फरक कळतो. फक्त गाडी उभी असताना, ब्रेकचा बूस्ट तेव्हा नसणार.

आणि ब्रीदर इनटेकला जोडलेला असेल आणि होजमधून तेल ओघळत इनटेकमध्ये जात असेल तर दुर्लक्ष करू नका. डिझेल इंजिन स्वतःचं तेल जाळून पळायला लागलं तर किल्लीने बंद होत नाही.

ग्रीसगन

औषधाच्या बाटलीबद्दल. ते रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं, बाकी काही नाही. सील नुसतं कडक झालेलं असेल तर थोडे दिवस गळती कमी होते. सीलच्या फाटलेल्या ओठाला (शाफ्टवर घासणारी कड), घासलेल्या शाफ्टला, कॉर्कच्या पॅकिंगला किंवा चोंदलेल्या ब्रीदरला त्याने काही होत नाही, आणि तोवर तुम्ही गळती शोधायचं सोडून देता. जाड ऑईल टाका असं पण कुणीतरी सांगेल. १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकलं तर गरम असताना जाडी थोडी जास्त राहते, ठिबकणं जरा कमी होईल, पण थंड स्टार्टला टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचायला वेळ जास्त लागतो. गळतीसाठी ग्रेड बदलायचं नाही.

डिपस्टिक पण बघा, लेव्हल जास्त तर भरलेली नाही ना. आणि लेव्हल आपोआप वाढत असेल, तेलाला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत मिसळतंय, लिफ्ट पंपाचा डायफ्रॅम किंवा रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील. पातळ झालेलं तेल सगळीकडून गळतं आणि बेअरिंग पण खातं, तेव्हा हे असेल तर गाडी चालवूच नका.

लो_रेंज

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पुठ्ठ्यावर काळं तेल, गंधकाचा वास नाही, म्हणजे इंजिनचंच. लेव्हल कमीच होते, वाढत नाही. एक्झॉस्ट कोरडा आहे. मोजा लावला तर फुगला चांगलाच, ब्रीदरची होज सोडल्याबरोबर बसला. होज काढली तर आत काळा डिंक, सेपरेटरची जाळी तर पूर्ण बंद झाली होती, धुवून वाळवून लावली आता मोजा ढिला राहतो. क्रँककेस भाऊ, हे तुम्ही नसतं सांगितलं तर माझ्या लक्षातच आलं नसतं.

इंजिन धुतल्यावर आयडलला काही दिसलं नाही, थोडं फिरवून आणल्यावर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ, हेडच्या मागून सरळ बेल हाउसिंगवर. आरशात स्पष्ट दिसतोय. शिवाय अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंपाच्या खाली पण ओलं आहे. पाना दादा, कव्हरचं पॅकिंग बदलताना काय काळजी घ्यायची? आधी कुणीतरी तिथे सिलिकॉन थापलेलं दिसतंय, बाहेरून फुगून आलंय.

तेरा_चौदाचा_पाना

सापडलं म्हणजे अर्धं काम झालं. ते थापलेलं सिलिकॉनच बहुधा दोषी आहे, पॅकिंग नीट बसलंच नसणार.

कव्हर काढायच्या आधी आजूबाजूची धूळ हवेने उडवा, नाहीतर सगळी कॅमवर पडेल. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, अ‍ॅल्युमिनियम हेड असेल तर पोलादी पट्टी लावू नका, एक चर पडला की कायमची गळती. जुन्या सिलिकॉनचा एक पण तुकडा आत पडू देऊ नका, तो खाली जाऊन ऑईल पंपाच्या पिकअपच्या जाळीत अडकतो. कापडाने आतले खड्डे झाकून काम करा आणि शेवटी कापडं मोजून बाहेर काढा. पत्र्याचं कव्हर असेल तर सपाट काचेवर ठेवून बघा. जास्त आवळल्याने बोल्टच्या भोकांपाशी पत्रा दबलेला असतो, तो लाकडावर ठेवून हातोडीने हलके सरळ करा. चेंबरच्या कडेची पण हीच गोष्ट.

दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या. रबर पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसतं, सिलिकॉन फक्त जिथे दोन भाग मिळतात त्या कोपऱ्यात आणि त्या अर्धगोल रबराच्या दोन टोकांना, तेही वाटाण्याएवढं. सिलिकॉन ऑईलला टिकणारं, इंजिनचंच घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं नको, ते धातू गंजवतं. बोल्ट मधून बाहेर, आडवे तिडवे, दोन तीन फेऱ्यांत. एम-६ बोल्टला बहुतेक ठिकाणी ८ ते १० न्यूटन मीटर एवढंच लागतं, म्हणजे मनगटाच्या जोरावर, छोट्या रॅचेटने. तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघाच. गळतंय म्हणून अजून एक पीळ मारायचा मोह होतो, तोच कव्हर वाकवतो. बोल्टखालचे रबर वॉशर पण नवीन टाका, कित्येकदा तिथूनच येत असतं. सिलिकॉन वापरलं असेल तर एक रात्र तरी गाडी सुरू करू नका.

क्रँककेस

व्हॅक्यूम पंपाचं लांबवू नका. अल्टरनेटरच्या शाफ्टवर बसणारा पंप असेल तर त्याच्या मधलं सील गळून तेल अल्टरनेटरच्या आत जातं, ब्रश आणि स्लिप रिंग तेलात भिजतात आणि चार्जिंग बंद पडतं. लोक अल्टरनेटर दुरुस्त करतात आणि सील तेच ठेवतात, परत तेच होतं. पंप आणि ब्रेक या दोन गोष्टी एकच समजा. आधी बॅन्जो बोल्टचे (ऑईल पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बघा, ते प्रत्येक वेळी नवीन. मिळाले नाहीत तर जुने लालबुंद तापवून थंड केले की तांबं परत मऊ होतं, चालतं. रिटर्नची होज ऑईलवालीच वापरा, पाण्याची होज तेलात फुगते.

लो_रेंज

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, अर्धगोल रबर, वॉशर सगळं बदललं. पंपाचे वॉशर आणि रिटर्न होज पण. वरून आता ठणठणीत कोरडं आहे, हेडच्या मागे पांढरं फडकं फिरवलं तर स्वच्छ निघतं. डाग खूप कमी झाला. पण पूर्ण थांबलं नाही. यूव्ही डाय टाकला होता, बेल हाउसिंगच्या वरच्या बाहेरच्या बाजूला काही चमकत नाही, खालच्या भोकाच्या आत मात्र चमकतंय. आणि अजून एक सांगायचं राहिलं होतं, पहिल्या गिअरला गाडी उचलताना क्लच थरथरतो, चढावर लोडमध्ये थोडा सरकतो पण. म्हणजे सील पण गेलंय ना?

चढणवाट

माझं मत विचाराल तर राहू द्या. ब्रीदर साफ झालाय, आतला दाब गेला, थोडे दिवस चालवून बघा, बहुतेक अजून कमी होईल. जुनं डिझेल थोडं पाझरणारच. डिपस्टिक नियमित बघायची, लागेल तेवढं भरायचं, खाली ट्रे ठेवायचा. अख्खा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस खाली घेणं हे जोखमीचं काम आहे, जड असतं, आणि इतर चार गोष्टी उघडतात.

वर्कशॉपवाली

चढणवाट दादांशी अर्धी सहमत आहे. नुसता पाझर असता तर मी पण हेच सांगितलं असतं, आमच्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांना मी सांगते की भोकाला थेंब आहे पण क्लच कोरडा आहे तोवर चालवा. पण इथे क्लच थरथरतोय आणि सरकतोय, म्हणजे प्लेटवर तेल गेलंय किंवा प्लेट संपलीये, दोन्हीपैकी काहीही असलं तरी गिअरबॉक्स उतरायचाच आहे. आणि एकदा उतरला की सील बदललं नाही तर परत उतरवावा लागेल. चढावर सरकणारा क्लच घेऊन डोंगरात जायची गाडी नाही ही.

सगळ्यात आधी सुरक्षेचं, हे नीट वाचा. काही जुन्या फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे ड्रम असतो आणि तो प्रॉपेलर शाफ्ट पकडतो. तो शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी. शाफ्ट जोडलेला असताना पण मागचं एक चाक जॅकवर उचललं तरी डिफरन्शियलमुळे गाडी सरकू शकते. तेव्हा सपाट पक्की जमीन, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि खाली झोपायच्या आधी गाडी स्टँडवर, जॅकच्या भरवशावर अजिबात नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा कारण स्टार्टर निघणार आहे. गिअरबॉक्सला ट्रान्समिशन जॅक हवाच, दोन माणसांनी छातीवर घेऊन उतरवायची वस्तू नाही ती. शक्य असेल तर ट्रान्सफर केस आधी वेगळा काढा. शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करून ठेवा म्हणजे परत त्याच जागी बसतील. इंजिनला मागून आधार द्या, नाहीतर ते मागे कलतं आणि रेडिएटरची होज नाहीतर पंखा तुटतो.

गिअरबॉक्स निघाला की लगेच सील उपटू नका. आत टॉर्च मारून बघा की तेल खरंच सीलच्या ओठातून येतंय का. फ्लायव्हीलच्या मागे तेल येण्याच्या अजून जागा आहेत: कॅमशाफ्टच्या मागचा प्लग, ऑईल गॅलरीचे प्लग, सीलच्या हाउसिंगचं पॅकिंग, चेंबरचा मागचा कोपरा, आणि फ्लायव्हीलचे बोल्ट ज्यांची भोकं काही इंजिनात क्रँकच्या आरपार जातात आणि त्यांच्या आट्यांना सीलंट लागतो. डाय टाकलेला आहे तर आता त्याचा पूर्ण उपयोग करून घ्या. मी असं पण बघितलंय की सील कोरडं ठणठणीत आणि तेल वरच्या प्लगमधून.

मग क्रँकचा एंड फ्लोट (पुढे मागे सरकायची मोकळीक) मोजा, डायल गेज लावून क्रँक पुढे मागे ढकला. बऱ्याच इंजिनांना ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असतो, तुमची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर संपलेत आणि नवीन सील पण टिकणार नाही. जुनं सील काढताना स्क्रूड्रायव्हर क्रँकवर घासू देऊ नका, सीलच्या पत्र्यात छोटा स्क्रू फिरवून ओढा. नंतर जिथे ओठ घासतो तिथे नखाने तपासा. नख अडकलं म्हणजे चर पडलाय. उथळ असेल तर सील एक दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ नव्या जागेवर आणता येतो, हाउसिंगमध्ये जागा असेल तर. खोल असेल तर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह येते, जाडी साधारण ०.२८ मिमी, ती क्रँकवर ठोकून बसवायची, लेथवर न्यावं लागत नाही आणि सील त्याच मापाचं चालतं.

सील मागवायच्या आधी प्रकार बघा. फार जुन्या इंजिनांत दोरीचं सील असतं, दोन तुकड्यांत, त्याला चेंबर आणि मागची बेअरिंग कॅप काढावी लागते. साधं काळं किंवा तपकिरी रबरी ओठाचं, स्प्रिंगवालं असेल तर ओठाला स्वच्छ इंजिन ऑईल लावून बसवा. पांढरट नाहीतर राखाडी, स्प्रिंग नसलेलं, प्लॅस्टिकच्या कड्यावर आलेलं असेल तर ते पीटीएफई (टेफ्लॉन), त्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, क्रँक पण कोरडा पुसायचा आणि त्या कड्यावरूनच सरकवायचं. कडं आधीच काढून टेबलावर ठेवलं तर ओठ आत मिटतो आणि सील फुकट जातं. बसवताना सगळीकडून सारखं सरळ जायला हवं, हातोडी एका बाजूला मारून नाही, सपाट कड्याने हळूहळू दाबत.

उघडलंच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील हे सगळं नवीन टाका. तेलात भिजलेली प्लेट पेट्रोलने धुवून किंवा भाजून परत लावू नका, गरम झाली की तेल परत वर येतं. फ्लायव्हीलचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा, निळे डाग किंवा चिरा असतील तर मशीनवर घासून घ्या. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवीनच.

लो_रेंज

ताई, हे सगळं प्रिंट काढून भिंतीला लावतोय. हँडब्रेकचं तर फार महत्त्वाचं सांगितलंत, माझ्या गाडीला खरंच ट्रान्सफर केसच्या मागेच ड्रम आहे. जॅकची आणि मदतीला एका मित्राची सोय झालीये, काम करायचं ठरलं. सील पीटीएफई निघालं, कड्यासकट आहे. शेवटचं विचारतो, सगळं जोडल्यावर लगेच स्टार्ट मारू का? आणि बेल हाउसिंगचं ते खालचं भोक बंद करून टाकू का, पाण्यातून जाताना आत पाणी जायला नको म्हणून?

वर्कशॉपवाली

पीटीएफई सील बसवल्यावर चार तास तरी क्रँक फिरवू नका, ओठाला शाफ्टचा आकार घ्यायला वेळ लागतो. तुमचं गिअरबॉक्स चढवण्यात तेवढा वेळ जाईलच, फक्त मध्ये फ्लायव्हील फिरवायचा मोह टाळा. डाय टाकलेलं ऑईल काढून फिल्टरसकट नवीन भरा, ड्रेन नटचा वॉशर बदला. मग डिझेल बंद करणारा स्टॉप लीव्हर ओढून धरून, किंवा इंजेक्शन पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून, स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑईल प्रेशरचा दिवा विझला की मग सुरू करा, म्हणजे टर्बो कोरडा फिरणार नाही.

भोक कायमचं बंद करू नका. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, सील गळलं तर तेल बाहेर यावं आणि क्लचवर चढू नये म्हणून. काही इंजिनांना तिथे आट्या असतात आणि पाण्यात उतरण्यापुरता लावायचा प्लग मिळतो, तो असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर काढून ठेवायचा आणि काढताना त्यातून पाणी येतंय की तेल ते बघायचं.

तेरा_चौदाचा_पाना

आणि ब्रीदरची जाळी आता प्रत्येक ऑईल चेंजला धुवा. नवीन सील बसवल्यावर पहिला लांबचा चढ करून आलात की मोज्याची टेस्ट परत एकदा करा आणि काय निघालं ते इथे लिहा.